पोटोमॅकखालची चीर

डॉक्टरच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी जे शिंग कोरून दिलं होतं, त्याचं आपल्या मराठी मंडळात तुमच्यापैकी बहुतेकांनी कौतुक केलं. काहींच्या फोनमध्ये त्याचे फोटो अजून असतील. त्या शिंगाला चीर गेलेली होती आणि ते मला माहीत होतं. एवढंच सांगायचं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण त्या चिरेपायी एका माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला, आणि तीन वर्षं मी त्याच्या शेजारी बसून ते बघत राहिलो. म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं अमेरिकेत साधारण एकाच सुमारास आलो. तो सर्जन, मी साच्यांची ड्रॉइंग्ज करणारा इंजिनिअर. अ‍ॅशबर्नला घरं घेतली तेव्हा व्हर्जिनियाच्या या भागात मक्याची शेतं होती. आता माझ्या स्वयंपाकघरातून डेटा सेंटरची बिनखिडक्यांची भिंत दिसते. तो मला ‘मिस्त्री’ म्हणायचा आणि मी त्याला ‘डॉक्टर’. सगळे म्हणायचे, काय छान चेष्टा चालते तुमची. नीट पाहिलं तर त्यातली चेष्टा एकाच बाजूची होती.

मिस्त्री म्हणण्यामागे कारण होतं. सांगलीला कॉलेजात असताना मी मामांच्या भांड्यांच्या दुकानात बसायचो. लग्नामुंजीत द्यायच्या डब्यांवर, ताटांवर नावं घालायचं काम माझ्याकडे होतं. छिन्नी धरायची, हातोडीचे बारीक ठोके मारायचे आणि टिंबाटिंबांनी अक्षर काढायचं. अमेरिकेत आल्यावर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. एकदा फक्त डॉक्टरला सांगितली, आणि पुढच्याच पार्टीत त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून जाहीर केलं, “अरे, ह्या माणसाला साधा समजू नका. सांगलीत निम्म्या घरांत लोक ह्याच्या अक्षरावर जेवतात!” सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या बोलण्यात कौतुक होतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

त्याच्या हाताची ख्याती तर तुम्हाला माहीतच आहे. माझ्या बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन त्यानेच केलं. त्यानंतर तीस वर्षं, विषय कुठलाही असो, ती तिथे येऊन पोचायची. “डॉक्टरांनी असा टाका घातलाय, शोधून सापडत नाही.” मी घरातली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक कपाट हाताने केलं होतं. त्यातला एकही सांधा शोधून सापडत नव्हता. पण तो कुणी शोधलाच नव्हता.

वहिनी गेल्यावर डॉक्टर घराबाहेर पडेनासा झाला. त्याच्या एका जुन्या पेशंटने, निवृत्त शेतकऱ्याने, त्याला धरून आपल्या क्लबात नेलं. ब्लू रिज डोंगरांच्या बाजूला एका कुरणात ही मंडळी दर शनिवारी जमायची आणि ठासणीच्या बंदुका उडवायची. नळीत वरून बंदुकीची दारू ओतायची, गोळी ठासायची, चकमक झाडायची, असला अडीचशे वर्षांपूर्वीचा प्रकार. अंगात त्या काळचे कपडे, डोक्यावर तीन कोपऱ्यांची टोपी. मला वाटलं, दोन महिन्यांत सोडेल. वर्षभरात तो त्यांच्यातला सगळ्यात स्थिर हात ठरला. ऐंशीला टेकलेला माणूस, पण बंदूक खांद्याला लावली की नळीचं टोक हलायचं नाही. मी एकदोनदा घडीची खुर्ची घेऊन बघायला गेलो होतो. तिथलेही लोक मान हलवत त्याच्या हाताकडेच बघत होते. मला वाटलं, इथेही हाच?

सहस्रचंद्रदर्शन ठरलं तेव्हा त्याची मुलगी माझ्याकडे आली.

“काका, बाबांना शाल, घड्याळ काही नकोय. ही वॉन्ट्स अ हॉर्न. क्लबमध्ये सगळ्यांकडे आहे, त्यांचं अजून प्लास्टिकच्या डब्यातच चाललंय. आणि ते म्हणतात, मिस्त्रीशिवाय कुणी करायचं नाही.”

बंदुकीची दारू कोरडी राहावी म्हणून जुने लोक बैलाचं पोकळ शिंग वापरत. रुंद बाजूला लाकडी बूच कायमचं ठोकलेलं, निमुळत्या टोकाला छोटी खुंटी. खुंटी काढून मापात दारू ओतायची आणि मग बंदुकीत. शिंगाचं काम एकच, आत दमट हवा जाऊ द्यायची नाही. वर आपलं नाव, आपल्या मुलखाचा नकाशा कोरून घ्यायची पद्धत होती.

बायकोने हे ऐकलं आणि ती कढई खाली ठेवून आली.

“अहो, शिंग? सहस्रचंद्रदर्शनाला? होमाच्या शेजारी ठेवणार?”

“बैलाचं आहे.”

“म्हणजे गाईच्या मुलाचंच ना!”

शेवटी तिने देवळातल्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, “काकू, गाईच्या शिंगाच्या शृंगीने आपण अभिषेक करतोच की. शिंगाला कसला दोष? खुशाल द्या.” मग ती गप्प झाली. पण गॅरेजमध्ये शिंग उकळायला तिने घरातलं पातेलं दिलं नाही ते नाहीच.

जानेवारी-फेब्रुवारी मी गॅरेजमध्ये हीटर लावून बसलो. विकणाऱ्याने शिंगांची जोडीच पाठवली होती. एक घेतलं, दुसरं फळीवर ठेवलं. उकळायचं, तासायचं, काचेच्या तुकड्याने खरवडायचं. जुनी उत्तम शिंगं इतकी पातळ खरवडलेली असतात की उजेडासमोर धरली तर आत दारू किती उरली ते बाहेरून दिसतं. क्लबातल्या कुणाच्याच शिंगाला ते साधलेलं नव्हतं. मला ते साधायचं होतं. हे डॉक्टरसाठी नव्हतं. त्या कुरणातल्या लोकांनी एकदा तरी त्याच्या हातातली वस्तू बघून विचारावं, कुणी केली, यासाठी होतं.

कोरीवकाम अर्धं झालं होतं. एका अंगाला सांगली, कृष्णेचा घाट, त्याचं घर. दुसऱ्या अंगाला व्हर्जिनिया यायचा होता. त्या बाजूला अजून थोडं, अजून थोडं असं खरवडताना बारीकसा आवाज झाला. उजेडासमोर धरलं. बुचाजवळून निघालेली पेरभर लांबीची, केसासारखी चीर.

दुसरं शिंग फळीवर होतं. समारंभाला पाच आठवडे होते. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला पाच आठवडे भरपूर झाले.

मी मधमाशीचं मेण तापवून चिरेत भरलं, पुसून घेतलं आणि नकाशा बदलला. पोटोमॅक नदी मी वरच्या कडेला काढणार होतो, ती खाली आणली आणि बरोबर त्या चिरेवरून वाहवली. सुईने रेघा ओढल्या, त्यात शाई चोळली. चीर दिसेनाशी झाली. शोधून सापडली नसती.

दुसरं शिंग का घेतलं नाही, याची कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. बोटं दुखत होती, कृष्णेचा घाट पुन्हा तसा साधला नसता, मेण टिकेल असं वाटलं. यातलं थोडं थोडं खरं आहे. पण नदी काढून झाल्यावर मला काय वाटलं ते मला स्वच्छ आठवतं. सगळ्या जगाला ज्याच्यात काही खोट सापडत नाही, त्याच्या कमरेला एक खोट लटकेल आणि ती फक्त मला ठाऊक असेल, या विचाराने मला बरं वाटलं. मी चहा करून घेतला आणि तो मला नेहमीपेक्षा चांगला लागला.

सगळ्यात शेवटी बुचाभोवती भांड्यावर घालतात तसा मजकूर टिंबांनी घातला, ‘सहस्रचंद्रदर्शनानिमित्त सप्रेम भेट’. त्यावर त्याचं नाव आणि खाली बारीक अक्षरात माझं.

समारंभ एप्रिलमध्ये देवळाच्या हॉलमध्ये झाला. तुम्ही होतात. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळून झालं आणि त्याच्या मुलीने शिंग हातात दिलं. त्याने ते खिडकीकडे धरलं. आतून पिवळा उजेड आला. तो नुसता नदीवरून अंगठा फिरवत राहिला. मग हॉलला म्हणाला, “पन्नास वर्षं मी माणसं शिवली. हे मला जमलं नसतं.” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शिंग हातोहात फिरलं. कुणी कृष्णा बघितली, पण जो तो पोटोमॅकपाशी थांबत होता. “काय वळण घेतलंय काका, जिवंत वाटते!” माझी बायको शेजारणीला म्हणाली, “हात तर यांचाही आहे हं.” पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात गुरुजींना सुचलं. “काका, शृंगीच झाली ही. यातून चार थेंब पाणी डॉक्टरकाकांच्या मस्तकावर घालू या.” त्यांनी तांब्या उचललाही. बुचाजवळ मेणापलीकडे काही नव्हतं. मी जवळजवळ ओरडलोच, “नको! शाई अजून पक्की नाही.” शाई पक्की होऊन महिना झाला होता.

डॉक्टर हसला. “गुरुजी, राहू द्या. मिस्त्री म्हणेल ते फायनल.”

त्या दिवशी घरी जाताना मी गाडी फार हळू चालवली. संपायला नको होता तो दिवस.

मे बरा गेला. जूनमध्ये उन्हं तापली. त्याचं सामान शुक्रवारपासूनच गाडीत भरलेलं असायचं. बंद गाडीत मेणाचं काय होतं ते मला सांगायला नको. व्हर्जिनियाचा उन्हाळा म्हणजे हवा नव्हे, ओलं फडकं. दारूने ओल धरली. जुलैतल्या एका शनिवारी मी खुर्ची घेऊन गेलो होतो. त्याने बार भरला, नेम धरला, चाप ओढला. चकमक झडली, बंदुकीच्या कानाशी, बत्तीच्या भोकापाशी, भुस्सकन जाळ झाला आणि आतला बार उडालाच नाही. पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बार उडाला तो इतका उशिरा की नेम कुठल्या कुठे गेला.

तो शेतकरी जवळ आला आणि म्हणाला, दारू दमट झाली असेल, तुझं शिंग तपासू या का?

डॉक्टरने त्याला इंग्रजीत सांगितलं, “शिंगाचं नाव काढू नको. ज्या माणसाने ते केलंय त्याचा हात चुकत नाही. चूक माझी आहे. मापात मी कमीजास्त ओततोय.”

मी चार पावलांवर बसलो होतो. मी थर्मासचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिलो. आज लिहायला बसलो आहे तर हेही लिहितो, पहिल्यांदा मला शरम वाटली नाही. पहिल्यांदा आनंद झाला. भर कुरणात, सगळ्यांसमोर, त्याचा हात चुकला होता आणि माझा नाही.

परतताना गाडीत तो म्हणाला, “मिस्त्री, परवा मी आमटीत मीठ दोनदा घातलं. म्हातारा झालो का रे मी?”

“उन्हामुळे होतं,” मी म्हटलं.

तो पुढचे चार-पाच शनिवार गेला. प्रत्येक वेळी जास्त काळजी घेऊन ओतायचा, दोनदोनदा मोजायचा, आणि बार फुसका जायचा. सप्टेंबरमध्ये त्याने बंदूक त्या शेतकऱ्याला देऊन टाकली. शिंग मात्र दिवाणखान्यात भिंतीवर टांगलं. मुलीने त्याला तपासणीला नेलं. डॉक्टर लोक म्हणाले, वयाच्या मानाने सगळं उत्तम आहे. त्याचा विश्वास बसला नाही. तो स्वतः डॉक्टर होता, त्याला स्वतःचं निदान पटलं होतं. थोड्या दिवसांनी त्याने गाडीच्या किल्ल्या आपण होऊन मुलीच्या हातात दिल्या. मग पत्त्यांना येणं बंद केलं, कारण पिसताना पत्ते सांडतील. सांडले कधीच नव्हते.

मी दर गुरुवारी जायचो. त्याला माझ्या गाडीत घालून ग्रोसरीला, देवळात, तळ्यावर न्यायचो. दार मी उघडायचो, पट्टा मी लावायचो. मंडळात लोक म्हणू लागले, मैत्री असावी तर अशी. सांगायचं अनेकदा मनात आलं. पण आता मी त्याला नेत होतो आणि तो माझ्या शेजारच्या सीटवर बसत होता. ते मला सोडवत नव्हतं. तीन उन्हाळे असे गेले.

या वसंतात त्याच्या नातीला मुलगी झाली. बाळाला घेऊन ती आली, त्या गुरुवारी मी तिथेच होतो. तिने बाळ त्याच्यापुढे धरलं. “आजोबा, होल्ड हर.”

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. चोरी करताना सापडलेल्या मुलासारखे. “नको गं. माझ्या हाताचा भरवसा नाही. मिस्त्रीकडे दे. त्याचे हात पक्के आहेत.”

आणि तिने बाळ माझ्या हातात ठेवलं. तो वाकून, हात तसेच मागे ठेवून, माझ्या हातातल्या त्या बाळाकडे बघत होता. त्याने हजारो माणसं उघडून पुन्हा शिवली होती. मी बाळ कसंबसं परत दिलं आणि काहीतरी कारण सांगून निघालो.

पुढच्या गुरुवारी मी शिंग भिंतीवरून काढलं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, “डॉक्टर, ह्या नदीखाली चीर आहे. दारू दमट व्हायची ती हिच्यामुळे. तुझा हात कधीच चुकला नव्हता.”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टोकाची खुंटी काढली, तोंडाला लावून फुंकर मारली आणि डावा तळहात पोटोमॅकवर धरला. हळूहळू हात सरकवत तो बुचापाशी आला आणि थांबला. वारा लागला होता.

“तुला कधी कळलं?”

“करतानाच.”

“करताना.” त्याने खुंटी परत लावली. “म्हणजे आत काय आहे ते दिसत असताना तू वरून शिवून टाकलंस.”

मी होकारार्थी मान हलवली.

“तीन उन्हाळे. माझ्या वयात तीन उन्हाळे म्हणजे किती, हे तुला कळतं? तूही काही लहान नाहीस.” त्याचा आवाज चढला नव्हता. आत मिक्सर लावलेली त्याची मुलगी मात्र दारात येऊन उभी राहिली. “का पण?”

“हेवा वाटायचा.”

“कुणाचा?”

“तुझा.”

तो खरोखर बुचकळ्यात पडला. पन्नास वर्षांत हे त्याच्या मनातही आलं नव्हतं, आणि तेही मला तिथल्या तिथे झोंबलं. “माझा? कशाचा रे?”

“हाताचा.”

त्याने दोन्ही हात पुढे करून पाहिले. आता ते खरंच थोडे कापत होते. तीन वर्षांपूर्वी कापत नव्हते.

मग त्याने मला माझ्या नावाने हाक मारली. मिस्त्री नाही, नावाने. म्हणाला, “टाळ्या सगळ्यांसमोर घेतल्यास ना? मग सांगायचंही सगळ्यांसमोर.”

“हॉलमध्ये उभं राहून मला बोलवणार नाही.”

“मग लिही. मंडळाच्या अंकात लिही. काही वगळू नकोस.”

त्याची मुलगी तेव्हापासून माझ्याशी इंग्रजीतच बोलते, आणि काका म्हणत नाही. बाळ पुन्हा येऊन गेलं आणि डॉक्टरने तिला तासभर मांडीवर घेतलं होतं, हे मला बायकोकडून कळलं. मी तिथे नव्हतो. बंदूक परत आणायची का, असं त्या शेतकऱ्याने विचारलं होतं. आता नजर पोचत नाही, असं डॉक्टरने कळवलं. हे खरं आहे. मधली तीन वर्षं पोचत होती.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी त्याला वाचून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता. माझ्या आनंदाची वाक्यं आली तेव्हाही त्याची पापणी हलली नाही. त्याच्या जागी मी असतो तर कागद ओढून घेतला असता. ऐंशी पार केली तरी या माणसाला एवढं सोसता येतं, याचाही मला वाचता वाचता हेवा वाटला. शेवटपर्यंत ऐकून झाल्यावर त्याने डोळे उघडले.

“एका जागी तू लिहिलंयस, ‘माझ्या हातून चूक झाली.’ चीर गेली ती चूक. पुढचं नाही. ते वाक्य काढ.”

मी ते काढलं आहे.